कमानीखाली अडकलेली जीप

माझ्या नणंदेच्या लग्नाचा मुहूर्त आमच्या जीपच्या टपामुळे टळता टळता राहिला. त्याला मी सोडून सगळे जबाबदार होते, असं मी बरीच वर्षं सांगत आले आहे.

जीप लष्कराने टाकून दिलेली. लढाई संपल्यावर सैन्याला नकोशा झालेल्या गाड्या लिलावात निघाल्या, आणि सैन्याला जे नको ते आमच्या ह्यांना नेमकं हवं असतं. "अगं, चारही चाकांना जोर आहे. डोंगर चढेल!" हे म्हणाले. अंधेरीत राहून कचेरीत हेडक्लार्की करणाऱ्या माणसाला कुठला डोंगर चढायचा होता, देव जाणे. (ती दर रविवारी भाजीबाजार चढायची.) पावसात गळते म्हणून ह्यांनी कापडी हूड काढून वर पत्र्याचा पक्का टप ठोकून घेतला. तो टप लक्षात ठेवा.

पुढे कुसुमचं, म्हणजे ह्यांच्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठरलं. लग्न आमच्या वाडीच्या अंगणात, आणि मुलाकडच्यांचा जानवसा मरोळला त्यांच्या नातेवाइकांकडे. बोलणी करायला गेलो तेव्हा कुसुमची होणारी सासू म्हणाली, "आमच्या मागण्या काही नाहीत. फक्त मुलगा टांग्यातून येणार नाही. मोटार हवी."

"मोटार तर घरचीच आहे!" हे छाती काढून म्हणाले.

परत येताना मरोळच्या त्या रस्त्यावर घरची मोटार एका दगडावर पोट टेकून बसली. चारही चाकं जोरात फिरत होती आणि गाडी जागच्या जागी. शेवटी मी आणि कुसुमने ढकलली. हे आत बसून "जोर लावा!" असं सांगत होते.

दुसऱ्या दिवशी हे वाकोल्याला पास्कू मेस्त्रीकडे. मीही गेले, कारण ह्यांना एकटं सोडलं तर हे विमान घेऊन आले असते.

"साहेब, हिला उचलूया," पास्कू म्हणाला. "लांब नरम स्प्रिंगा टाकतो, ट्रकचे मोठे टायर लावतो. मग दगड काय, रस्त्यात म्हस झोपली तरी वरून जाल!"

"म्हशीला उठवलं तर नाही चालणार?" मी विचारलं. दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी त्यांच्याकडे रोज पाहते.

आठवड्याने जीप घरी आली ती जिराफ होऊन. आत चढायला स्टूल लागायचं, आणि चढल्यावर स्टूल रस्त्यावरच राहायचं! चाक पुरतं वळवलं की टायर मडगार्डला घासून किंचाळायचे, त्यामुळे साधं वळण घ्यायला हे अर्ध्या अंधेरीला प्रदक्षिणा घालायचे. स्प्रिंगा इतक्या नरम की मी बसले की जीप खाली जायची आणि उतरले की वर यायची. "बघ कशी श्वास घेते!" हे कौतुकाने म्हणाले.

आता आमच्या वाडीच्या फाटकावर सिमेंटची कमान होती. घरमालकाने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेली, वर 'कै.' पासून पुढे त्यांचं पूर्ण नाव. लग्नाच्या आदल्या दिवशी मी ह्यांना विचारलं, "अहो, ही उंट झालेली गाडी कमानीखालून जाणार का?"

"जाईल गं. काय होतंय?"

ह्या उत्तरावर मी गेली वीस वर्षं संसार केला आहे. मी कपडे वाळत घालायची काठी उचलली. गाडी रिकामी येणार नाही, भरून येणार, हे ह्यांना सुचलं नसतं, मला सुचलं. घरातली आठ माणसं जीपमध्ये कोंबली, काठी लावली, टपाशी खूण केली. मग तीच काठी कमानीला लावली. दोन बोटं जागा!

"याला डोकं म्हणतात," मी म्हणाले. मंडपवाल्यानेसुद्धा मान डोलावली.

लग्नाच्या दिवशी पहिल्या खेपेला विहीणबाई आणि सात बायका आल्या. दुसऱ्या खेपेला नवरदेव यायचा होता. मुहूर्ताला पाऊण तास. वैशाखाचं ऊन नुसतं भाजत होतं. जीप फाटकात शिरली तशी मीच हात वर करून ओरडले, "इथंच थांबा! कमानीच्या सावलीत! विहीणबाईंना ऊन लागायला नको!"

विहिणीचे पाय मी आयुष्यात प्रथमच उभ्याने धुतले. ते थेट माझ्या छातीशी आले होते. मग स्टूल लावलं. एकेक बाई उतरत गेली तशी जीप श्वास घेत गेली. शेवटी विहीणबाई उतरल्या. त्या अंगाने भरलेल्या होत्या, त्यामुळे जीपने शेवटचा श्वास चांगला मोठा घेतला. खर्रर्र! टप कमानीत घट्ट बसला.

ह्यांनी गाडी मागे घेऊन पाहिली, पण ती जागची हलली नाही. "चारही चाकांचा जोर लावतो!" म्हणत लावला, तर वरचं 'कै.' निखळून बॉनेटवर पडलं.

"अहो, काय करताय!" घरमालक धावत आला. "माझे वडील!"

"जिवंत केले तुमचे," मंडपवाला म्हणाला.

मुहूर्ताला अर्धा तास. कुसुम दारातून रडवेल्या आवाजात म्हणाली, "वहिनी, टांगा पाठव ना गं!"

"टांगा?" विहीणबाईंनी नुसता एक शब्द उच्चारला. मी विषय तिथेच सोडला.

"तुम्ही सगळ्या पुन्हा आत बसता का?" मी हात जोडून विचारलं. "गाडी दोन बोटं खाली येईल हो."

"मी पाय धुऊन उतरलेय," विहीणबाई म्हणाल्या. "पुन्हा चढायची नाही."

मग दिसेल तो माणूस मी आत कोंबला. आचारी, त्याचा भाऊ, सनईवाला, मामंजी, खुद्द घरमालक. तरी टप एक बोटभर अडलेलाच.

"भटजी, बसा!"

"अहो वहिनी, मी गेलो तर लग्न कोण लावणार?"

"नवरा आला नाही तर कोणाचं लावणार? चढा!"

भटजी चढले आणि जीप सुटली. ती मागे घेऊन ह्यांनी कोपऱ्यावर सगळ्यांना उतरवलं आणि मरोळकडे पळाले. भटजी धोतर सावरत धावत परत आले. नवरदेव मुहूर्ताला तीन मिनिटं असताना कमानीच्या बाहेरच उतरला. मुंडावळ्या मागे गेल्या होत्या आणि चेहऱ्यावर मरोळची तांबडी धूळ होती. पण लग्न वेळेवर लागलं.

पंगतीत मी विहीणबाईंना जिलबी वाढायला वाकले. त्या हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे नुसती सायकल आहे, मला मोटारीतलं कळत नाही. पण टायरमधली थोडी हवा सोडली असती तर?"

मी त्यांच्या पानात आणखी दोन जिलब्या वाढल्या.

ती जीप केव्हाच गेली. कपडे वाळत घालायची काठी मात्र ह्यांनी दिवाणखान्यात, दाराच्या मागे, उभी करून ठेवली आहे. मी कशावरही ठाम मत दिलं की हे नुसते तिकडे बघतात.