जळलेल्या सागाचे फुटवे

चंदनसारला आमच्या इमारतीमागे कोणी पालापाचोळा पेटवला, की त्या वासाने मी पुन्हा मागच्या डोंगरावर जाऊन उभा राहतो.

नव्वदच्या दशकात मी तिथे वनरक्षक होतो. वणवा अडवायला गवताचा पट्टा आधीच जाळून ठेवतात; ही जाळरेषा सकाळी, दव असतानाच जाळायची असते. मी आळसाने ती भर दुपारी पेटवली. वारा फिरला आणि सागाची कोवळी रोपं करपली. साहेबांना मी सांगितलं, "लहानूने पेटवली." आमचा रोजंदारीवरचा रखवालदार लहानू शेजारीच उभा होता. तो धुमसणारं गवत फांदीने झोडपू लागला.

दुसऱ्या दिवशी मी रोपं उपटायला वाकलो, तर त्याने हात धरला. "थांबा गार्डसाहेब. साग तुमच्यासारखा भित्रा नाय." त्याने कोयत्याने बुंध्याची काळी साल खरवडली. आत ओला हिरवा रंग होता. "वरून मेलाय, मुळात जिता हाय."

त्याने एकेक रोप जमिनीलगत छाटलं. पावसाळ्यात बुंध्याबुंध्यातून सरळसोट फुटवे आले, आधीपेक्षा जोमदार. शाबासकी मला मिळाली. लहानूचं काम तोवर आगीच्या ठपक्यापायी गेलं होतं.

आता पावसाळ्यात त्या सागांचा पांढरा फुलोरा आमच्या गच्चीवरून दिसतो. पाहुण्यांना मी तो अभिमानाने दाखवतो आणि सांगतो, आग मी लावली होती. हे साग लहानूचे आहेत.