सहा आणि आठ यांच्या मधलं लोखंड

ब्रह्मदेवाने ही सृष्टी घाईघाईत उरकली आणि उरलेली डागडुजी आपल्या अंगावर टाकून तो मोकळा झाला, यावर माझ्या मामेसासऱ्यांचा ठाम विश्वास होता. नंदुरबारच्या एका जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे कापसाच्या जिनात, ते हेड फिटर होते. दिवसभर सरकी काढणारी यंत्रं दुरुस्त करूनही त्यांचं पोट भरत नसे. संध्याकाळी भुवयांत, मिशांत, कानाच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू घेऊन, उकललेल्या सावरीच्या बोंडासारखे ते घरी येत आणि दारातूनच एखाद्या निरपराध वस्तूकडे डोळे बारीक करून पाहू लागत. ती नजर दिसली की मामेसासूबाई हाताशी असेल ते भांडं पदराआड घेत.

माझ्या यजमानांची नोकरी नंदुरबारला म्हणून आम्ही मामांच्याच घरी राहत होतो. मराठीच्या पदवीसाठी चार वर्षं वृत्तं आणि अलंकार यांच्या सहवासात काढल्यामुळे परिपूर्ण वस्तू म्हणजे काय, हे आपल्याला थोडंफार कळतं, असा माझा समज होता. मामांनी तो पहिल्याच आठवड्यात दूर केला. पाणी उतारावर धावतं तशी झोपही उतारावर लवकर येते, या सिद्धांतानुसार त्यांनी आमच्या खाटेची उशाकडची बाजू वीतभर उंच केली. झोप आली की नाही सांगता येत नाही. मी मात्र रोज पहाटेपर्यंत पायथ्याशी पोचलेली असे. वाऱ्याने छत्री उलटू नये म्हणून त्यांनी तिला भोकं पाडली. वारा त्यांतून सुखाने निघून जाई, पाऊस तेवढा मुक्कामाला राही. उभ्याने वाटता यावं म्हणून पाट्याला चार उंच पाय आणि वरवंट्याला दांडा बसवला, तेव्हा मामी एक दिवस उभ्याने वाटत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीचा पाटा मागून आणून जमिनीवर बसल्या.

"तुमले दुसरं काही काम नई का?" त्यांनी विचारलं.

"तुमले सुधारणा समजत नई," मामा म्हणाले.

पण त्यांची कुठलीही सुधारणा कोणी दुसऱ्यांदा वापरली नाही, हे त्यांनाही समजत होतं. अशा सगळ्या वस्तू माळ्यावर एकमेकींना टेकून उभ्या असत. मामा कधी काही शोधायला वर चढलेच, तर रिकाम्या हातानेच खाली उतरत.

अशात एका हिवाळ्यात सातपुड्यातल्या रस्त्याच्या मोजणीसाठी एक इंजिनिअरसाहेब आले. साहेब सज्जन होते, परंतु त्यांना गोल्फ होता. एखाद्याला दमा असावा तसा. तोरणमाळच्या पठारावर, जिथे माणसं मोहाची फुलं वेचण्यासाठी वाकतात, तिथे हे गृहस्थ एका पांढऱ्या चेंडूपुढे तासन्‌तास वाकून उभे राहत. तिथल्याच एका काळ्या खडकाने त्यांच्या सातव्या नंबरच्या काठीची मान मोडली. या काठ्यांच्या टोकाला लोखंडाचं पातं असतं आणि त्यांना नंबर असतात. नंबर जितका मोठा तितकं पातं अधिक मागे कललेलं, आणि चेंडू तितका उंच पण जवळ पडायचा. सहाव्याने लांब, आठव्याने जवळ, आणि सातव्याने मधोमध. दोन आठवड्यांनी साहेबांना पुण्याला सामना खेळायचा होता. त्यांनी मोडकी काठी जोडून घेण्यासाठी जिनात आणली आणि ती मामांच्या हाती पडली.

"जोडली तर पुन्हा तिथेच मोडेल," मामा शाळेतल्या मराठीत म्हणाले. साहेबांशी ते तसंच बोलत. "दांडी शाबूत आहे. पातं मी नवीन करून देतो."

"आपण गोल्फ पाहिला आहे का?"

"नाही. मी देवही पाहिलेला नाही, साहेब. देवळाची घंटा मात्र मीच दुरुस्त केली."

साहेबांनी मान्यता दिली. नाही म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं. नमुन्यासाठी त्यांनी सहावी आणि आठवी काठीही दिली. मामांनी दोन्हींचं वजन, उंची आणि कोन मोजले, बेरजा करून निम्म्या केल्या आणि सातवा सापडला म्हणून जाहीर केलं. मी सहाव्याचं पातं हातात घेऊन पाहिलं. ते थंड होतं, आणि त्याची पाठ पाण्याबाहेर क्षणभर दिसलेल्या माशाच्या पाठीसारखी कुठे जाड, कुठे निमुळती होत गेली होती. एवढ्या निरुपयोगी कामासाठी एवढी देखणी वस्तू कोणी घडवावी, याचा मला रागच आला.

रनाळ्याला नथ्थू लोहाराकडे जाताना मामांनी मला बैलगाडीत बरोबर घेतलं. मापं लिहून घ्यायला माझं अक्षर चांगलं, हे कारण. पदवीचा तो मला झालेला पहिला उपयोग.

नथ्थूने पातं उलटंसुलटं करून पाहिलं. "फिटरभाऊ, हाई काय शे? कुदळ का खुरपं?"

"खेळ शे. चेंडू माराना."

"मोठा मानसे खेळतस?"

"साहेब लोक खेळतस."

"मंग ठीक शे," नथ्थूचा जीव भांड्यात पडला. "मी म्हनं, यानी कोनी काम करस का काय!"

मामांनी ट्रकच्या कमानपाट्याचा पोलादी तुकडा नेला होता. नथ्थूने तो बाजूला सारला. "हाई कडक शे. मारशात तर झिणझिण्या खांदापावत जातीन. गाडाना जुना आख लेवा, मऊ लोखंड शे." त्याने एका मोडक्या गाडीचा आस भट्टीत सारला आणि भाता फुसफुसू लागला. बाभळीच्या कोळशाचा कडवट वास, तापून आधी लाल आणि मग केशरी होत जाणारं लोखंड, घणाचा जड आणि हातोड्याचा हलका ठोका. मी वहीत आकडे लिहीत होते आणि कान मात्र त्या ठोक्यांच्या मात्रा मोजत होते. त्या गणात एकही मात्रा चुकत नव्हती. जो छंद शिकायला आम्हाला चार प्राध्यापक लागले, तो हा माणूस घामाने निथळत फुकट वाटत होता.

आठव्या दिवशी पातं तयार झालं. मामांनी ते दांडीला बसवलं, खिळा ठोकला आणि डाकबंगल्यामागच्या मैदानात साहेबांच्या हाती दिलं. पलीकडे वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथाऱ्या पसरलेल्या होत्या. नजर पोचेल तिथवर लाल जमीन आणि हवेत नाकाला झोंबणारी धग. मिरच्या निवडणाऱ्या बाया काम थांबवून पाहू लागल्या. साहेबांनी काठी खांद्यामागे नेली आणि सपकन खाली आणली. काठी काळ्या जमिनीत रुतली आणि तिथेच उभी राहिली. चेंडू आपल्या जागी निवांत होता.

बाया एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. साहेब हसले नाहीत, आणि ते अधिक वाईट होतं. "राहू द्या मामा," ते म्हणाले. "उरलेल्या काठ्यांवर भागवीन."

मामांनी काठी उपटली, पात्याच्या खालच्या कडेवर बोट फिरवलं, आणि बोटातून रक्त आलं. नथ्थूने पात्याला खुरप्यासारखी धार लावली होती.

"साहेब, तीन दिवस द्या," मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं.

आम्ही तशीच रनाळ्याची वाट धरली. नथ्थू उलट मामांवरच चिडला. "जमीनले लागाना शे, अन धार नई? मी काय खेळणा करस का? तुम्ही मले सांगं कोठे, हाई नांगर शे का वखर?"

"म्हंजे?"

"नांगर जमीनमा घुसस. वखर वरथून सरकस. दोन्हीस्नं बूड येगयेगळं ऱ्हास!"

मामा ऐरणीजवळच्या दगडावर बसले आणि बराच वेळ सहाव्याच्या पात्याचं बूड पाहत राहिले. ते खरोखर धारदार नव्हतं. त्याला अगदी अंधूक, बोटालाच कळेल एवढी गोलाई होती. मामांनी त्याची उंची मोजली होती, वजन केलं होतं, कोन काढला होता. बूड मात्र पाहिलंच नव्हतं. "वखर शे," ते हळूच म्हणाले. दोघांनी मिळून पातं पुन्हा तापवलं, धार मोडली, आणि मामांनी दोन दिवस कानशीने ते घासलं. पाच वेळा घासून पाचही वेळा त्यांनी आपलीच चूक काढली. दुसऱ्याचं सोडून स्वतःचं दुरुस्त करताना मी त्यांना प्रथमच पाहत होते.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी आधी सहाव्याने चेंडू मारला. तो चौथ्या पथारीवर पडला. आठव्याचा दुसऱ्या पथारीवर. मग त्यांनी आमचं काळं, बिनचकाकीचं पातं उचललं. आवाज कसा झाला ते सांगण्यासाठी मी पुष्कळ शब्द हाताळून पाहिले. पिकलेलं कवठ हलकेच फुटावं, तसा काहीसा. चेंडू उंच गेला, क्षणभर आकाशात हरवला आणि तिसऱ्या पथारीच्या लालीत पांढरा ठिपका होऊन बसला.

"ओ भाऊ," पलीकडून एक बाई ओरडली, "मिरच्या वाळाले टाकेल शेतस, अन तुम्ही अंडा फेकी ऱ्हायनात!"

साहेबांनी दुसरा चेंडू मारला. मग तिसरा. कोणी सांगितलं नव्हतं. ते आपणहूनच मारत राहिले. मामा चेंडूंकडे पाहतच नव्हते. ते साहेबांच्या हातांकडे पाहत होते. शेवटी साहेबांनी काठी चामड्याच्या पिशवीत, सहावी आणि आठवी यांच्या मध्ये ठेवली. मामांनी ती पुन्हा बाहेर काढली, पात्याला चिकटलेली माती धोतराच्या सोग्याने पुसली आणि परत तिच्या जागी ठेवली.

पुण्याच्या सामन्याचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही, आणि मामांनी कधी विचारलंही नाही. मात्र त्या हिवाळ्यानंतर आमच्या घरात एक विलक्षण शांतता पसरली. खाट सपाट झाली. नवी छत्री आली आणि ती अखंड राहिली. संध्याकाळी मामा दारात उभे राहून पूर्वीसारखेच वस्तूंकडे पाहत, पण डोळे बारीक होत नसत. एखादा तांब्या उचलून त्याच्या काठावरून, बुडावरून बोट फिरवत आणि तो हळूच जागेवर ठेवत. मामींनी सुटकेचा निःश्वास सोडला, मीही सोडला. देवापुढे हीच तर माझी मागणी होती. ती पुरी झाल्यावर घरातला काही आवाज कमी झाल्यासारखं का वाटावं, हे मला पुष्कळ दिवस उमगलं नाही.

काही वर्षांनी, मामा जिनातून निवृत्त झाल्यावर, मी बाजारातून नवी विळी आणली. ते ओसरीवर नुसतेच बसले होते. मी ती त्यांच्यापुढे ठेवली.

"मामा, हिचं पातं जरा तिरपं वाटतं."

त्यांनी विळी मांडीवर घेतली. अंगठा पात्याच्या पाठीवरून सावकाश वरपर्यंत नेला, पुन्हा खाली आणला. मी वाट पाहत होते, कानशी मागतील म्हणून.

"तिरपं नई, सुनबाई," ते म्हणाले. "ज्यानी करं, त्यानी इचार करेल शे."

त्यांनी विळी माझ्याकडे सरकवली आणि मी तिथेच भाजीची गिलकी चिरायला बसले. पातं तिरपं नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं.