कुंपणाबाहेरचा कॉम्प्युटर

फांदी कुंपणावरून आली आणि माझ्या पायाशी पडली. थोडी पानं, दोन पांढऱ्या कळ्या. टाकणारा सालगडी आत. मी बाहेर. शेजारी फाटक सताड उघडं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे पुष्कळांनी मला विचारलं, फाटक बंद होतं का? नव्हतं.

"पाह्य ते पानं, अन् इचार तुह्या डबीले," नानासाहेब आतून म्हणाले. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. "आत कायले येतं? बहार फुटून राह्यला. बाईमाणसाचं काही सांगता येत नाही. बाग नासते."

मी वाकले. फांदी उचलली.

ते वाकणं अजून पाठीत आहे.

जानेफळकडच्या एका गावातली ही संत्र्याची बाग. नानासाहेब गावातले सगळ्यात मोठे जमीनदार, म्हणून त्यांची बाग 'आदर्श' ठरली होती. झाडं पाहून ठरली नव्हती. मी कीड-सल्ल्याच्या प्रकल्पाची क्षेत्र-सहायक. शेतीची पदविका, सहा महिन्यांचा करार, आणि आमच्या घरातला महिन्याच्या महिन्याला येणारा पहिला पगार. आम्ही बौद्ध. गावाकडे आमच्यासाठी दुसरा शब्द होता. तो उच्चारायचीही गरज पडत नसे. आडनाव विचारलं की काम भागत असे.

तेव्हा मोबाइल फोन तालुक्यातल्या ठरावीक खिशांतच वाजायचे. आणि माझ्या हातात तळहाताएवढा कॉम्प्युटर होता, सोबत पडद्यावर टेकवायची काडी. बागेत फिरायचं, पानं उलटून कीड पाहायची, यंत्र विचारेल त्याला काडीनं उत्तर द्यायचं. मग यंत्र सांगणार, फवारा मारा किंवा थांबा. मेहकरला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा यंत्राला हार घातला होता. हार मोठा, यंत्र लहान. भाषणं संपेपर्यंत ते झेंडूत बुडालेलं होतं. एका पाहुण्यानं पडद्यावर कुंकू लावलं, ते नंतर मीच पुसलं. "शेतकऱ्याच्या तळहातावर विज्ञान आलं आहे," असं पाहुणे म्हणाले. तळहात माझा होता, पण टाळ्या चालू होत्या.

प्रशिक्षणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. बाग बांधावरून दिसत नाही. तिरपं चालत जायचं, कडेची झाडं घ्यायची, मधली घ्यायची, पान झाडावरच उलटायचं. काळ्या माशीची पिल्लं पानाच्या पाठीला चिकटून रस पितात, त्यांच्या चिकट घाणीवर मग काळी बुरशी चढते. आमच्याकडे तिला कोळशी म्हणतात. ती आधी बागेच्या पोटात, दाट सावलीत धरते.

आणि मी कुंपणाबाहेर. दर सोमवारी.

सालगडी फांद्या निवडून आणायचा. किडकी फांदी परक्या पोरीला दाखवली तर मालकाची अब्रू जाते, हे त्याला कोणी सांगावं लागलं नव्हतं. बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे मुलगी आणावी तशा तो फांद्या आणायचा. स्वच्छ, टवटवीत, कळ्यांसकट. मी काडी टेकवायची. कीड आहे का? नाही. चिकटपणा आहे का? नाही. यंत्र म्हणायचं, बाग निरोगी आहे. नानासाहेब म्हणायचे, "आमची बाग हाय ते. अशीच राह्यन." आणि यंत्राचं ऐकून आजूबाजूचे बागवालेही निवांत बसायचे.

एका सोमवारी आतून हाक आली. "आली काय व माय?"

माझी मावशी. ती त्याच गावात दिलेली. झाडांच्या बुंध्यांजवळचं गवत खुरपत बसली होती. तिच्यासोबत आमच्याच वस्तीतल्या पाच-सहा बाया. अनवाणी, पदर डोक्याला गुंडाळलेला. बहार ऐन भरात होता आणि त्या बागेच्या पोटात बसून होत्या.

मी पाहतच राहिले.

मावशी गवताचा भारा टाकायला कुंपणाजवळ आली. हळूच म्हणाली, "आतमंदी तं काळं पडून राह्यलं सारं. तुही डबी काय म्हंते?"

"निरोगी आहे म्हणते."

"मंग तिले चष्मा लाव."

मला हसू आलं नाही. मी विचारलं, "मावशे, तुमाले आत येऊ देतात?"

"आमाले? आमी नाई आलो तं गवत काय नानासाहेब काढन?" मग माझ्या तोंडाकडे पाहून तिनं भारा खाली टाकला. जाताना म्हणाली, "बोलू नको हं काही. माहा रोज हाय इथं."

तोपर्यंत मी समजत होते की हा विटाळ आहे. जुनाट, अडाणी, हळूहळू जाणारा. पुस्तकांत तसं वाचलं होतं. पण विटाळ असता तर मावशीनं बाग कधीच नासवली असती. खुरपं घेऊन वाकलेली आमची बाई आत चालत होती. ताठ उभी राहून झाडाकडे वर पाहणारी, पायात बूट घातलेली, "तुमच्या बागेत कीड आहे" असं म्हणू शकणारी आमची बाई चालत नव्हती. बहाराचं निमित्त होतं.

मेहकरला प्रकल्पाच्या साहेबांना सांगितलं. साहेब पुण्याचे, सभ्य. त्यांनी आधी मला बसायला सांगितलं. मग म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता. महिनाअखेर मोठे अधिकारी येताहेत. तुमच्या कराराचं मी बघतो आहे ना? तोपर्यंत जरा ॲडजस्ट करा."

इकडे करार, तिकडे मावशीचा रोज. बोलले तर दोन्ही चुली विझणार. गप्प राहिले तर माझ्या बोटानं, माझ्या नावानं, दर सोमवारी खोटं जाणार. बस डोणगाव फाट्यावर थांबायची तेव्हा वाटायचं, उतरावं आणि कुठंही निघून जावं. उतरले नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा फांदी उचलली.

मोठे अधिकारी आले त्या दिवशी फाटकाला केळीचे खुंट बांधले होते. सतरंजी, नारळ, फेटे. साहेबांनी माझ्या हातातून यंत्र घेतलं आणि नानासाहेबांच्या मुलाच्या हातात दिलं. "शेतकऱ्याच्या हातात दिसलं पाहिजे," ते मला म्हणाले. "तुम्ही इथूनच त्यांना सांगा, काय दाबायचं ते."

म्हणजे मी कुंपणाबाहेरून ओरडायचं. आत सगळे फेटे बांधून उभे. मुलगा काडी घेऊन पडद्याकडे पाहतोय. त्याच्यामागे बाया खाली मान घालून खुरपताहेत.

"बोल ना बे लवकर!" मुलगा ओरडला. "पह्यले काय दाबू?"

मी बोलले नाही.

"काऊन बे, बहिरी झाली काय?"

अधिकाऱ्यांनी वळून पाहिलं. "त्या ताई बाहेर का उभ्या आहेत?"

साहेब चटकन म्हणाले, "त्यांना फुलोऱ्याची ॲलर्जी आहे, सर."

साहेबांशी मी नेहमी जपून, पुस्तकी मराठी बोलायची. त्या दिवशी तोंडात घरची बोली आली.

"मले कशाचीच ॲलर्जी नाही, साहेब. मले आत येऊ देत नाहीत. या यंत्रात आजलोक गेलं ते कुंपणावरून फेकलेल्या फांद्यांचं हाय. बाग म्या एक डाव पाह्यली नाही."

मग अधिकारी मोठ्या मनानं हसले. "अहो, मग या ना आता आत. या, या. मी सांगतो."

"तुमी आज आले, उद्या जासान. नानासाहेबांनी म्हणावं."

सगळे नानासाहेबांकडे पाहू लागले. त्यांनी एका झाडाचा शेंडा निरखायला घेतला. बराच वेळ निरखला. जन्मात पहिल्यांदाच ते झाड पाहत असावेत.

ते म्हणाले नाहीत. मी गेले नाही. यंत्र मुलाच्या हातात होतं, ते मागितलंही नाही. रस्त्यानं चालू लागले. मागून साहेबांची हाक येत होती, आडनावानं.

दुसऱ्या दिवशी मावशीला कामावरून काढलं. ती आमच्या घरी आली, माठातलं पाणी प्यायली. म्हणाली, "बोल्ली ते बोल्ली. पण आधी सांगाचं ना व. खुरपं तरी घरी आणलं असतं."

मला वाटलं होतं ती पाठीवर हात ठेवील. नाही ठेवला. बरोबरच होतं. माझ्या बोलण्याची किंमत तिनं मोजली होती, तीही तिला न विचारता.

साहेबांनी निरोप धाडला. नानासाहेबांकडे जाऊन नुसतं "चुकलं" म्हणा, करार वाढवून देतो. मी गेले नाही. करार वाढला नाही.

तेव्हापासून माझ्यापुरतं एक ठरलेलं आहे. जिथं माझं काम हवं आणि मी नको, तिथं मी काम करणार नाही. मुकाट्यानं निघूनही जाणार नाही. का करत नाही, ते तिथंच, मालकाच्या तोंडावर, चार माणसांत सांगणार. आणि सांगण्याआधी त्याच मालकाकडे राबणाऱ्या आमच्या बायांना जाऊन विचारणार, तुम्ही सोबत उठता का? त्या उठल्या तर बाग ओस पडेल. पडू द्या.