रेणुका खडू खायची

आमची रेणुका खडू खायची. आज तिला जाऊन वर्ष झालं.

रेणुका म्हणजे माझ्या चुलतबहिणीची, सुमनची, थोरली. मूळचे निपाणीकडचे, आता होसकोटेला. बाप फॅक्टरीत. पोरगी तिथल्याच सरकारी शाळेत, दहावीला.

टीचरनं तिला दोनदा पकडलं, फळ्याखालचे तुकडे उचलताना. ओरडा बसला. घरी आम्ही हसलो. "काय गं, आमच्या सुमनचा स्वयंपाक आवडेना होय?"

ती पण हसायची. "मावशी, स्वल्प गप्प बस ना!"

के. आर. पुरमला माझ्याकडे आली की जिन्याच्या प्रत्येक वळणावर पायरीवर बसायची.

"मावशी, तुझे जिने वाढलेत."

ओठ पांढरे पडलेले. सगळ्यांना दिसत होते. कुणालाच कळत नव्हतं.

पाळी आली की आठ-दहा दिवस थांबायची नाही. सुमन म्हणायची, "बाईच्या जातीला हे चालायचंच."

शाळेत पाळीचा तो धडा आला तेव्हा टीचर म्हणाल्या, घरी वाचून या.

घरी कोण वाचणार? आणि कुणासमोर?

एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ती कोसळली ती कोसळलीच. हॉस्पिटलमध्ये रक्त चढवलं, पण फार उशीर झाला होता. डॉक्टर चिडूनच म्हणाले, "अंगात रक्त उरलंच नव्हतं. खडू-माती खायची का? तेही याचंच लक्षण. शाळेत लोहाच्या गोळ्या देतात ना?"

देतात की. दर सोमवारी, निळी गोळी.

रेणुकाची धाकटी बहीण पवी भिंतीला टेकून उभी होती. मला हळूच म्हणाली, "मावशी, अक्का गोळी जिभेखाली धरायची. मग बाथरूमच्या खिडकीतून टाकायची. सगळ्याच टाकतात. ती घेतली की पुढे मूल होत नाही."

"कुणी सांगितलं तुला?"

"सगळे म्हणतात."

म्हणणारच! गोळी हातावर ठेवली, पण कशासाठी ते एका शब्दानं सांगितलं नाही. मग पोरी आपापसांत अर्थ लावणारच. प्रमेयं घोकून घेता, आणि रक्त किती गेलं म्हणजे घाबरायचं, एवढं सांगायला लाज वाटते तुम्हाला?

मला वाटलं होतं, रेणू गेल्यावर तरी शाळा तोंड उघडेल.

नाही. शाळा गप्पच राहिली, आणि होसकोटेत वेगळीच बातमी पसरली. रेणुका गोळीनं गेली म्हणे.

बायका शाळेत जाऊन बजावून आल्या, आमच्या पोरींना देऊ नका. सगळ्यात पुढे सुमन. तिच्या डोक्यात तेच पक्कं बसलंय.

आज वर्षश्राद्धाला गेले. जेवणं झाल्यावर गोळीचा विषय काढला, तर माझ्यावरच उसळली.

"एक लेक त्या गोळीनं खाल्ली. आता दुसरी पण देऊ का?"

पवी खरकटी ताटं उचलत होती. आठवीत आहे आता. वाकली आणि तिच्या ओठाच्या कडेला मला पांढरं दिसलं.

"पवी, इकडे ये. तोंड उघड."

अय्यो देवा. खडू.

मी डोळ्याची पापणी खाली ओढली. आत लाली नव्हतीच.

पवीनं हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. मग आईकडे.

"आई, अक्कानं एकपण गोळी खाल्ली नव्हती. ती टाकायची. मी पण."

सुमननं स्वतः पवीची पापणी ओढून पाहिली. मग पायात चपला अडकवल्या, पवीचा हात धरला. "चल. रक्त तपासायचं."

आम्ही आत्ता लॅबच्या बाकावर बसलोय. इथूनच लिहितेय.

रेणू, भावपूर्ण श्रद्धांजली वगैरे आज नाही जमत गं मला. तुझी पवी कदाचित बचावेल.

पण उद्या सोमवार आहे. शाळा भरेल, बाकीच्यांना गोळ्या वाटल्या जातील, आणि कुणी काही सांगणार नाही.

त्या खिडकीपाशी पोरी जातीलच.

नीट जा आता, रेणू बाळ.