चमचा खिशात घालणारा देवदूत

आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे इंग्लंडमध्ये स्लाऊला आली आणि दोन महिने होतात न होतात तोच तिने बॅग पलंगावर काढली.

"अगं, काय झालं?"

"काही नाही. लेकीच्या घरी आईने किती राहायचं, याला काही रीत असते. जावईबापू चांगले आहेत, म्हणून काय त्यांच्या डोक्यावर बसू? तिकीट अलीकडचं करून घे."

जावईबापू आठवड्यातले चार दिवस कामाला मिल्टन कीन्सला, मुलगी युनिव्हर्सिटीत. पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच घरी कुणी माझी वाट बघत होतं, आणि ते माणूस निघालं होतं! मी सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

आता आमच्या शेजारणीबद्दल सांगते. भिंतीला भिंत लागून राहणारी ही पोलिश बाई साधारण आईच्याच वयाची. तिचं इंग्रजीही आईएवढंच, म्हणजे वीसेक शब्द. आईने तिचं नाव पोलंडबाई ठेवलं होतं. आई आली त्याच आठवड्यात पोलंडबाईने निळ्या काठाचा एक वाडगा कुंपणावरून पुढे केला. आत बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या! आईने तो वाडगा घासला, पुसला आणि शंकरपाळे भरून परत दिला, कारण भांडं रिकामं द्यायचं नसतं. पण पोलंडबाईलाही ते रिकामं पाठवायला आवडत नसावं. वाडगा पुन्हा भरून आला. तेव्हापासून तो कुंपणावरून भरलेलाच ये-जा करत होता, आणि त्या दोघींचं सगळं संभाषण "गुड?" "गुड गुड!" एवढंच होतं.

त्या रविवारी दुपारी पोलंडबाई वाडग्यासकट आमच्या दारात हजर! दुसऱ्या हातात डीव्हीडी. "फिल्म," ती म्हणाली. "एंजल. लिव्ह विथ पीपल. व्हेरी फनी."

आम्ही तिघी सोफ्यावर बसलो, मी मध्ये. सिनेमा सुरू झाला आणि लक्षात आलं की सबटायटल्स नाहीतच. आईने मला कोपराने ढोसलं. "काय म्हणतायत?"

मला पोलिशमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एके काळी मी कॉलेजात एकांकिका गाजवल्या होत्या! पडद्यावर एक देखणा प्लंबर इमारतीत शिरला, त्याच्यामागे खिडकीतून ऊन आलं, आणि मी जाहीर केलं, "हा देवदूत. वरून आलाय."

मग मी सुटलेच. घरमालकाला जाडा आवाज दिला, तळमजल्यावरच्या सपाता घातलेल्या म्हातारीला किरटा. प्लंबर दारात उभा राहून एका बाईशी बोलू लागला, तेव्हा संधी साधून मी त्याच्या तोंडी घातलं, "मला परत बोलावतायत, पण मी नाही जाणार. ही माणसं मला ओझं समजत नाहीत. उलट मी आहे म्हणून संध्याकाळी कुणीतरी घाईघाईने घरी येतं."

आई पडद्याकडे बघत राहिली.

एवढ्यात त्या नालायकाने टेबलावरचा चांदीचा चमचा उचलून खिशात घातला.

"हे काय गं?"

"परीक्षा बघतोय माणसांची," मी म्हणाले.

पुढच्या प्रसंगात त्याला थोबाडीत बसली. "ही पण परीक्षाच," मी घाम पुसत म्हणाले. पोलंडबाई मात्र खो खो हसत होती. आणि शेवटी? ती सपातावाली म्हातारी बाल्कनीत आली, तिने सगळ्या इमारतीकडे एकवार मायेने पाहिलं आणि सपातांसकट तरंगत वर गेली.

"एंजल!" पोलंडबाईने तिच्याकडे बोट दाखवून टाळ्या वाजवल्या.

मी सोफ्याची शिवण तपासू लागले.

पोलंडबाई गेली. आई कप विसळायला उठली. पाठमोरीच म्हणाली, "तो प्लंबर चोर होता. मला केव्हाच कळलं होतं. चमचा खिशात घालतो तो कसला देवदूत? ती म्हातारी बघ, प्रत्येक वेळी एक ताट जास्तीचं मांडत होती."

"मग मला थांबवलं का नाहीस?"

"इतकी रंगात आली होतीस! लहानपणी खोटं बोलताना असाच आवाज चढायचा तुझा." तिने नळ बंद केला. "आणि ते ओझ्याचं... ते चोराच्या तोंडून का होईना, बरं वाटलं ऐकायला. तुला सरळ सांगता येत नाही होय?"

मला खरंच सरळ सांगता आलं नव्हतं. तेव्हाही आलं नाही. मी टॉवेल घेऊन कप पुसत राहिले.

तिने निळ्या काठाच्या वाडग्यावरचं झाकण काढलं. आत खसखस भरलेल्या केकचे जाड तुकडे होते. "आता हिला काय द्यावं? चकल्या कराव्यात. पण तुझ्याकडे भाजणी नाही. धान्यं धुवा, वाळवा, भाजा, आणि या देशात ऊन कधी पडणार!" ती हॉलमधल्या कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली. "तिकीट बदललं नाहीस ना अजून?"

"नाही."

"मग राहू दे. वाडगा रिकामा ठेवून कशी जाऊ?"

पलंगावरची बॅग मी त्याच संध्याकाळी माळ्यावर टाकली. पुढच्या रविवारी पोलंडबाई दुसरी डीव्हीडी घेऊन आली, तेव्हा आई मध्ये बसली आणि मला म्हणाली, "आज तू गप्प बस. मी सांगते."

तिने प्लंबरसारख्या दिसणाऱ्या एकाही माणसावर विश्वास ठेवला नाही.