सोमवार ते शनिवार, नऊ ते एक

"तुमच्या त्या बाईंनी घोळ केलान हो, वैद्य," सोमवारी सकाळी भाऊ साळव्यांचा फोन आला. "दुबईची ऑर्डर गेली. आंबा उतरवून शेडमध्ये पडलाय."

दोन हजार तीन-चारची गोष्ट. बँकेतून व्हीआरएस घेऊन मी रत्नागिरीतल्या छोट्या धंद्यांची ऑफिसं लावून देत होतो. भाऊ आंबा बागायतदार, त्यांनी नुकताच एक्स्पोर्ट सुरू केला होता. मेल बघायला, उत्तरं द्यायला माणूस हवा होता. मी हेदवीची सुजाता सुचवली. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती घरूनच कॉम्प्युटरवर काम करणार. आता याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात.

सुजाता म्हणाली होती, "काका, हंगामात तरी मला पूर्ण वेळ द्या. मेल काय माझी वेळ बघून येणार?"

मी हसलो होतो. दिवसाला चार-पाच मेल, त्याला आठ तास कशाला? भाऊंना काटकसर करून दाखवायची होती मला. मी कागदावर लिहून दिलं: पार्ट टाइम, सोमवार ते शनिवार, नऊ ते एक. काम टिकेल असंही मीच म्हणालो, म्हणून तिनं गुहागरच्या क्लासमधली शिकवणी सोडली.

दुबईत सुट्टी शुक्रवारी. शनिवारी तिथला आठवडा नव्यानं सुरू होतो. आमच्या गल्लीत निम्म्या घरांतला माणूस गल्फमध्ये. शुक्रवार आला की त्यांचे फोन येतात. म्हणजे मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सुचलं नाही, एवढंच.

व्यापाऱ्याचा मेल शनिवारी दुपारी तीनला आला होता. रविवारी दुपारपर्यंत कन्फर्म करा, नाहीतर दुसरीकडून घेतो. भाऊ दोन्ही दिवस बागेत त्याच ऑर्डरचा आंबा उतरवत होते, मोबाइलला रेंज नाही. सुजातानं तो सोमवारी नऊला उघडला आणि लगेच भाऊंना कळवलं. बोटीनं पाठवायचा आंबा थोडा कच्चाच उतरवतात. तो थांबत नाही, पिकत जातो.

"काढून टाका तिला," भाऊ म्हणाले.

वेळ मी ठरवली होती, हे सांगायला तोंड उघडलं. मग म्हणालो, "बघतो."

काम बंद झालं हे सांगायला सुजाताला मीच फोन केला.

"काका, नऊ ते एक तुम्ही लिहिलं होतंत. भाऊंना सांगितलंत का?"

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. भाऊंच्या ओळखीनं मला आणखी चार गिऱ्हाइकं मिळायची होती. मी भित्रा निघालो, दुसरा शब्द नाही. क्लासवाल्यांनी तिला परत घेतलं नाही.

पुढच्या हंगामात भाऊंनी पूर्ण वेळ माणूस ठेवायचं ठरवलं. निवडायला मलाच बोलावलं. सुजाताचं नाव माझ्या ओठांवर आलं नाही.

पार्ट टाइम की फुल टाइम हे मेल मोजून ठरवू नका. समोरचा कुठल्या वारी, किती वाजता काम करतो ते आधी विचारा. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे सांगतो. कुणाच्या जिवावर शिकलो, ते सांगत नाही.