नकोशीमावशींची चिमूट

बावड्याच्या गुरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक आहे. लोक मला डाक्टर म्हणतात, आणि मीही कुणाची चूक सुधारत नाही. घर बारामतीत, वडील जीवशास्त्राचे प्राध्यापक. त्यामुळे साध्या गोष्टीवर तासभर बोलायची खोड मला घरातूनच लागली. नेमकं जिथे सविस्तर सांगायला हवं होतं, तिथे मात्र मी दोन वाक्यांत आटोपलं.

फोन नकोशीमावशींचा होता. साठी ओलांडलेल्या या बाईनं निम्मं आयुष्य मेंढरांमागं कोकण पालथं घालण्यात काढलं. नवरा गेला, मुलगा शेतीला लागला, ऐंशी मेंढरं विकली गेली. हट्टानं ठेवलेली एक म्हातारी मेंढी तेवढी उरली होती. तीही वीत असताना मेली आणि मागं एक पाट, म्हणजे मादी कोकरू, राहिलं. मावशींच्या कळपाचं वाण आता त्या एका जिवात होतं, आणि त्याला हगवण लागली होती.

"पाण्यात चिमूटभर मीठ आणि ग्लुकोज घालून थोडं थोडं पाजा," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर कोकराचे डोळे खोल गेलेले, कातडी ओढली तर तशीच उभी राहणारी. पातेल्यातलं पाणी चाखलं आणि थुंकलो. शुद्ध समुद्र!

"मावशी, चिमूटभर म्हणालो होतो ना?"

"चिमूटच टाकली की." त्यांनी पाची बोटं मिठाच्या पिशवीत खुपसून दाखवली. ऐंशी मेंढरांना मीठ चारणाऱ्या हाताची चिमूट ती!

"आणि ग्लुकोज?"

"न्हाय घातलं. ग्वाडानं कोकरू आणखी हागतं. एकदा गूळ पाजून बघितलाय आमी."

मी मोठ्यानं हसलो. अडाणी समजूत म्हणून. मग आठवलं की त्यांचंच खरं होतं; कोकराच्या आतड्याला गूळ पचत नाही. ग्लुकोजची गोष्ट निराळी. इतकी वर्षं मेंढरं राखणारीला हसलो, याची मला मनापासून लाज वाटली.

म्हणून या वेळी नीट बसून सांगितलं. आतड्याच्या पेशींना बारीक पडदा असतो, त्याला दारं असतात. हगवणीत मीठ एकटं फारसं आत जात नाही; ग्लुकोज सोबत असलं की दोघं जोडीनं एकाच दारानं आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. मीठ फार झालं तर उलटंच होतं. अंगातलं पाणीच आतड्यात ओढलं जातं. लोणच्याच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसं.

मावशींचा चेहरा उतरला. "म्हंजी मीच मारीत हुते व्हय हिला?"

"नाही. चूक माझी. चमचा सांगायचा होता, चिमूट नाही."

पाणी उकळून गार केलं. लिटरभर पाण्यात अर्धा लहान चमचा सपाट मीठ आणि मेडिकलमधून आणवलेल्या ग्लुकोजचे तसेच सहा लहान चमचे घातले. "डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये," मी म्हणालो.

मावशींनी बोट बुडवून चाखलं. "मालक गेलं तवा रडाय सवड न्हाय गावली, मेंढरं उपाशी हुती. मेंढरं इकली त्या दिशी लई रडले. ठावं हाय मला चव. बरुबर हाय."

बाटलीला रबरी बोंडी लावून घोट घोट पाजत बसलो. दवाखान्यातून दोन फोन आले, उचलले नाहीत. दहा वाजले, बारा वाजले. कोकरू मावशींच्या मांडीवर मान टाकून पडलेलं. मध्येच गिळायचं थांबलं, तेव्हा मावशी त्याच्या गळ्यावरून बोट फिरवत नुसत्या "पी गं, पी गं" म्हणत राहिल्या.

दोनच्या सुमाराला त्यानं मान उचलली. मग अंग आखडलं, आणि मावशींच्या लुगड्यावर मोठा ओला डाग पसरत गेला.

"मुतली!" मी ओरडलोच. पाणी आत गेलं होतं, अंगभर फिरलं होतं आणि उरलेलं बाहेर आलं होतं. मला हसू आवरेना. म्हटलं, "मावशी, उठा, लुगडं तरी बदला."

मावशी जागच्या हलल्या नाहीत. एका हातानं कोकराला घट्ट धरून दुसऱ्या हातानं डोळे पुसत म्हणाल्या, "हसू नगा, डाक्टर. माझा आख्खा कळप मुतलाय मांडीवर."